तोफ खरी की कॅव्होराइट?

१९०३ साली ज्यूल व्हर्न पंचाहत्तरीकडे झुकलेले होते. एका वार्ताहराने त्यांना एच. जी. वेल्स या तरुण इंग्रज लेखकाविषयी छेडले, तेव्हा म्हातारबुवा थोडे चिडलेच. वेल्सच्या कल्पनाशक्तीचे त्यांनी कौतुक केले, पण दोघांची तुलना त्यांना मान्य नव्हती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मी पदार्थविज्ञानाचा आधार घेतो आणि हे गृहस्थ मनाला येईल ते शोधून काढतात. माझी माणसे तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे जातात, यांची माणसे गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या धातूच्या यानातून जातात. असा धातू असेल तर तो आणून दाखवा!

विज्ञानकथेने वास्तवाला किती धरून असावे, या वादाचा उगम बहुतेक जण इथे दाखवतात. हा वाद मराठीतही आला आणि अजून मिटलेला नाही. त्याकडे वळण्याआधी व्हर्न यांचा दावा आपण जरा तपासून पाहू. त्यासाठी नववी-दहावीचे गणित पुरेसे आहे.

व्हर्न यांची 'पृथ्वीवरून चंद्राकडे' ही कादंबरी १८६५ सालची. तिच्यातली तोफ ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर लांब आहे. गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, हे आपण शिकवतो. म्हणजे व्हर्न यांनी आकडा अगदी अभ्यास करून घेतला होता. आता मुलांना ओळखीचे सूत्र वापरू. अंतिम वेगाचा वर्ग म्हणजे त्वरण आणि अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. ११,००० चा वर्ग १२ कोटी १० लाख. त्याला २७४ च्या दुपटीने, म्हणजे ५४८ ने भागले की त्वरण येते सेकंदाला सेकंदाला सुमारे २,२०,००० मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या साडेबावीस हजार पट. पन्नास किलोचा प्रवासी त्या क्षणी अकराशे टनांहून जड होईल! व्हर्न यांनी धक्का शोषण्यासाठी गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवला आहे. गोळा तोफेबाहेर पडायला लागणारा वेळ सेकंदाचा विसावा भाग. तेवढ्यात ते पाणी काय करणार? तिघेही प्रवासी आणि त्यांच्याबरोबरची कुत्री-कोंबडी तोफेतच चपटी झाली असती.

आता वेल्सचे कॅव्होराइट पाहू. १९०१ सालच्या त्यांच्या कादंबरीतील यानाला या पदार्थाच्या झडपा आहेत. पृथ्वीकडची झडप बंद केली की पृथ्वीची ओढ संपली आणि यान निघाले. इथे ऊर्जेचा हिशोब मांडावा. एक किलोग्रॅम वस्तू पृथ्वीच्या पृष्ठभागावरून तिच्या ओढीबाहेर न्यायला सुमारे सव्वासहा कोटी ज्यूल ऊर्जा लागते. विजेच्या बिलाच्या भाषेत सतरा युनिटांच्या आसपास. साठ किलोच्या माणसाला हजारावर युनिटे झाली. ही ऊर्जा झडप सरकवताना फुकट मिळत असेल तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडीत काढावा लागेल. नियम पाळायचा तर झडप बंद करायलाच तेवढी ऊर्जा लागेल, आणि मग ती हाताने कोणाला सरकवता येणार? हे दोन्ही हिशोब याकोव्ह पेरेलमन यांनी आपल्या 'मनोरंजक पदार्थविज्ञान' या पुस्तकात फार गमतीने केले आहेत. आपल्यातील पुष्कळ शिक्षकांनी मीर प्रकाशनाची ती स्वस्त, जाड बांधणीची प्रत कधीतरी हाताळली असेल.

म्हणजे प्रवासी जिवंत राहण्याच्या दृष्टीने व्हर्न यांची तोफ आणि वेल्सचे कॅव्होराइट दोन्ही सारखीच अशक्य. फरक एवढाच, की व्हर्न यांची चूक शोधायला आकडेमोड करावी लागते. आकडेमोड करण्याइतके आकडे ते वाचकाच्या हाती देतात, आणि शिक्षकाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. जो लेखक तोफेची लांबी सांगतो त्याला चूक ठरवता येते.

याच प्रवासाच्या उत्तरार्धात, म्हणजे 'चंद्राभोवती' या पुढच्या कादंबरीत, एक प्रसंग आहे. प्रवासात एक कुत्रा मरतो. प्रवासी त्याचे शव बाहेर टाकतात. थोड्या वेळाने खिडकीतून पाहतात तर शव गोळ्याच्या बाजूबाजूने चालले आहे! हे अगदी बरोबर आहे. गोळा आणि शव दोन्ही एकाच ओढीखाली सारख्याच गतीने जात आहेत, मग शव मागे पडण्याचे कारणच काय? गंमत पुढे आहे. बाहेरचा कुत्रा तरंगतो, मग आतली माणसे का तरंगत नाहीत? व्हर्न त्यांना जमिनीवर उभे ठेवतात. फक्त पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ जिथे समान होते त्या एका बिंदूपाशी ती थोडा वेळ वजनरहित होतात. वास्तविक तोफेतून सुटल्याक्षणापासून ती तरंगायला हवी होती. एकाच लेखकाने एकच नियम भिंतीच्या बाहेर बरोबर आणि आत चूक लावला. 'अंतराळवीर तरंगतो कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसते' असे आजही मुले उत्तरपत्रिकेत लिहितात. त्यांना हा कुत्रा जरूर दाखवावा.

आता मराठीकडे. आपल्याकडे वास्तव आणि अद्भुत यांचा वाद विज्ञानकथेच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. त्यात विधवांची खरी दुःखे होती. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वाचकांना आवडल्या त्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या. 'मंजुघोषा'कार नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ साली प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणाने मांडली आहे. लग्न लहानपणीच उरकलेले, आयुष्य ठरीव. आमच्या हिंदू लोकांच्या रोजच्या जगण्यात चित्तवेधक असे काही घडतच नाही, तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे जाणे भाग आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहून त्याच ठरीव आयुष्यात केवढे नाट्य आहे ते दाखवून दिले, आणि तो वाद कादंबरीपुरता निकालात निघाला. अद्भुत मागे पडले. माझ्या मते, विज्ञानकथेला मराठीत पुढे जो संशय सहन करावा लागला त्याचे मूळ या विजयात आहे. अद्भुत म्हणजे पोरकट, जुन्या काळचे, अशी समजूत सुशिक्षित वाचकांत एकदा पक्की झाली होती.

तशात १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकात 'चंद्रलोकची सफर' क्रमशः येऊ लागली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे हे मासिक थेट कोचीनहून निघालेले. ही सफर म्हणजे व्हर्न यांच्या त्याच तोफेच्या गोष्टीचा मराठी अवतार. म्हणजे आपल्याकडे विज्ञानकथा आली ती व्हर्न यांच्या बाजूने, आकड्यांसकट. स्वतंत्र मराठी विज्ञानकथेचा पहिला मान बहुधा श्रीधर बाळकृष्ण रानडे यांच्या 'तारेचे हास्य' या कथेला दिला जातो. ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. त्याआधी नाथमाधवांनीही 'श्रीनिवासराव' या कादंबरीत या वाटेवर पाऊल टाकले होते.

इथे थोडे बंगालकडे पाहिले पाहिजे. १८९६ साली कलकत्त्यात केसांच्या तेलाच्या एका व्यापाऱ्याने कथास्पर्धा ठेवली. अट अशी, की कथेत आपल्या तेलाचा उल्लेख हवा. स्पर्धेत बक्षीस मिळाले ते जगदीशचंद्र बोस यांना! त्यांच्या कथेत शहरावर येणारे वादळ समुद्रात ओतलेल्या तेलाच्या एका बाटलीने शमते. तेलाचा पातळ थर पाण्याचा पृष्ठताण बदलतो आणि बारीक लाटा शांत करतो, हे खरेच आहे. पण एका बाटलीने चक्रीवादळ थांबणार नाही, हे बोस यांच्याइतके कोणाला माहीत असणार? प्रयोगशाळेत विद्युतचुंबकीय लहरी काही मिलिमीटरपर्यंत मोजणारा हा माणूस कथेत मात्र प्रमाणाला खुशाल रजा देतो. पुढे १९०५ साली रुकय्या सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' या इंग्रजी कथेत स्त्रियांच्या राज्यात सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करविला आणि पुरुषांना पडद्याआड बसविले. त्यातील यंत्रांचा तपशील जुजबी आहे. ती कथा टिकली ती पडद्यामागच्या वास्तवामुळे.

मराठीत मधली चाळीस-पन्नास वर्षे अनुवादांची आणि तुरळक प्रयत्नांची. भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स दोघांनाही मराठी मुलांच्या घरी आणले, आणि कोणाची बाजू घ्यायची हे मुलांवरच सोडले. खरा पालट झाला तो १९६६ नंतर. त्या वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि १९७० पासून परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. स्पर्धा म्हटली की परीक्षक आले, आणि परीक्षक आले की निकष आले. कथेतील विज्ञान बरोबर हवे की नुसते विज्ञानासारखे दिसणारे चालेल, हा प्रश्न तिथे दरवर्षी गुणपत्रिकेत उभा राहणार होता.

१९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे नाव कोणी ऐकलेले नव्हते. कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि मग कळले की हे जगताप म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्राध्यापक जयंत विष्णु नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. परिषदेच्या मंडळींना आपले हस्ताक्षर ओळखू येईल म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. ज्या साहित्याला मुलांच्या पुस्तकांशेजारी जागा मिळत होती ते संमेलनाच्या व्यासपीठावर आले. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या संमेलनाचे अध्यक्षपद खुद्द नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नारळीकरांची भूमिका स्पष्ट होती. विज्ञानकथेने ज्ञात विज्ञानाचे नियम पाळावेत, जिथे अज्ञात सुरू होते तिथे तर्काने पुढे जावे, आणि वाचकाच्या मनात अंधश्रद्धेला जागा करून देऊ नये. नुसत्या तलवारी-यक्षिणींच्या जागी लेसर आणि यान घातले की विज्ञानकथा होत नाही, असे ते सांगत. म्हणजे ते व्हर्न यांच्या पक्षाचे. पण त्यांच्या कथा वाचल्या की चित्र थोडे वेगळे दिसते.

'कृष्णविवर' घ्या. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ मंद चालते, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून सरळ निघते. इथे कल्पना आहे ती फक्त तिथवर जाण्याची. 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडते. ते कसे, याची साखळी दिलेली आहे: वातावरणात उंचावर बर्फाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, ते सूर्यप्रकाश परतवून लावतात आणि पृथ्वी थंड होत जाते. ही साखळी त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्या हिमयुगाविषयीच्या विचारांशी जुळते. हॉइल स्वतः 'द ब्लॅक क्लाउड' या १९५७ सालच्या कादंबरीचे लेखक. जाता जाता एक नोंदवावेसे वाटते. प्रत्यक्ष संशोधनात हॉइल आणि नारळीकर विश्वाच्या स्थिर स्थितीची बाजू लढवत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे गेले तरी त्यांनी ती सोडली नाही. विज्ञानात बंडखोर असलेला हा माणूस कथेत मात्र नियमांचा काटेकोर पुरस्कर्ता होता.

पण 'गंगाधरपंतांचे पानिपत'? ही कथा 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात आली, त्यामुळे अनेक शिक्षकांना ती परिचित आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पोहोचतात जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले, कारण विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे लागली नाही. कथेच्या शेवटी राजेंद्र देशपांडे हा मित्र त्यांना पुंजसिद्धांत आणि आपत्तिसिद्धांत यांच्या आधारे खुलासा देतो. खुलासा सुंदर आहे, पण पटतो का? इलेक्ट्रॉन कुठे असेल ते निश्चित सांगता येत नाही, इथवर ठीक. त्यावरून एक आख्खा प्राध्यापक या जगातून त्या जगात आणि परत येतो, शिवाय खिशात बखरीचे फाटके पान घेऊन येतो, हे झाले कॅव्होराइट. मला ही त्यांची उत्तम कथा वाटते, आणि ती उत्तम आहे ती त्या खुलाशामुळे नव्हे. पानिपताची जखम बाळगणाऱ्या मराठी माणसाला 'ती गोळी चुकली असती तर' हा प्रश्न कोणी विचारायला हवाच होता. वेल्स यांनी १९३४ साली आपल्या कादंबऱ्यांच्या एका संग्रहाच्या प्रस्तावनेत नेमके हेच तंत्र सांगितले आहे. एकच अशक्य गोष्ट वाचकाच्या गळी उतरवायची, आणि मग बाकीचे सगळे नेहमीच्या जगासारखे ठेवायचे. दोन अशक्य गोष्टी आणल्या की खेळ बिघडतो.

वास्तव म्हणजे नुसते पदार्थविज्ञान असे धरले की काय निसटते, याचे एक उदाहरण आम्हा नवी मुंबईकरांच्या पायाखालीच आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात एक योजना मांडली: ठाण्याच्या खाडीपलीकडे, भातखाचरे आणि मिठागरे यांच्या जागी, मुंबईचे जुळे शहर. त्या वेळी खाडीवर वाशीचा पूलही नव्हता. तो झाला १९७३ साली. कोणीही याला स्वप्नरंजनच म्हटले असते. पण योजनेत अंतरे होती, लोकसंख्या होती, रेल्वे आणि रस्त्यांचा हिशोब होता. व्हर्न यांना ती आवडली असती! १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमिनीवर ते कागदी शहर उभे राहू लागले. विज्ञानकथांची स्पर्धाही त्याच वर्षीची, हा योगायोग. पण त्या आकडेमोडीत ९५ गावांतली माणसे पुरेशी धरलेली नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-जासईच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले आणि गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पूल उभा राहिला की नाही, एवढेच पाहणाऱ्या विज्ञानकथेत हा गोळीबार कधी येणार नाही. वेल्सच्या 'टाइम मशीन'मध्ये यंत्र कसे चालते ते धड सांगितलेले नाही, पण वरच्या मजल्यावर राहणारे आणि जमिनीखाली राबणारे यांचे पुढे काय होईल, याचा विचार आहे. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या पिढीने मराठी विज्ञानकथेत यंत्राभोवतीच्या माणसाला अधिक जागा दिली. त्यांतले बाळ फोंडके तर आमच्या वाशीसमोर, खाडीच्या त्या काठावर, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधक होते.

तरीही नारळीकरांचा काटेकोरपणा मला अनाठायी वाटत नाही. त्याचे कारण १९७४ सालीच घडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीत आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी त्या वर्षी 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाची तपासणी प्रसिद्ध केली. प्राचीन ऋषींचा म्हणून सांगितला जाणारा हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपेक्षा जुना नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी विमानांची मापे घेऊन हिशोब केला, अगदी आपण तोफेचा केला तसा. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. रामायणातील पुष्पक विमान ही थोर कल्पना आहे. ती काव्य म्हणून शिकवताना कोणाला अडचण येत नाही. अडचण येते ती कल्पनेने संशोधनाचा वेष घेतला की. वेल्स यांनी कॅव्होराइटवर कधी शोधनिबंध वाचला नाही. अद्भुतकथा वाचकाशी उघड करार करते: थोडा वेळ खरे मान. 'खरेच आहे' असे म्हणणाऱ्याला मात्र व्हर्न यांचाच प्रश्न विचारावा लागतो. तो धातू दाखवा.

मुलांना हा करार उत्तम कळतो. वर्गात वेल्सचा 'अदृश्य माणूस' घेऊन एकच प्रश्न टाकून पाहा: या माणसाला दिसेल का? आधी सगळे 'हो' म्हणतील. मग विचारा, डोळ्यात प्रतिमा कुठे उमटते? पडद्यावर. अदृश्य माणसाचा दृष्टिपटल पारदर्शक, म्हणजे प्रकाश त्याच्या आरपार जाणार, काही शोषला जाणार नाही. मग तो आंधळाच असणार. हाही पेरेलमन यांचाच मुद्दा. नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'त वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होते. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी विचारावे, अशा उलट्या झालेल्या माणसाला आपली पोळी-भाजी पचेल का? आपल्या शरीरातील अमिनो आम्ले एकाच बाजूच्या वळणाची असतात, तेव्हा उलट्या माणसाची विकरे नेहमीच्या अन्नाशी जुळणार नाहीत. दोन्ही प्रश्नांनी कथा मोडत नाही. उलट तास संपल्यावर मुले पुस्तक मागायला येतात.

आणि व्हर्न-पक्षाच्या खात्यावर एक नोंद राहिली. नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेत एका हौशी बंगाली निरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणिताने निघते, आणि स्फोट घडवून त्याची वाट बदलण्याची योजना आखली जाते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट हे यान सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फोस या १६० मीटरच्या आसपासच्या लघुग्रहचंद्रावर मुद्दाम आदळविण्यात आले. त्याचा पूर्वीचा प्रदक्षिणाकाळ ११ तास ५५ मिनिटे; तो सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाला. स्फोटके नव्हती, नुसती धडक होती. पण अवकाशातील दगडाची वाट माणसाला बदलता येते हे सिद्ध झाले. त्या कथेत शास्त्रज्ञांची गणिते चालू असताना निरीक्षकाच्या स्वतःच्या घरी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ मांडलेला आहे. कथेचा तेवढा भाग खरा ठरायला २०२२ पर्यंत थांबावे लागले नव्हते.